आराखडा कपाटात, अर्थसंकल्प वाऱ्यावर

नगरपालिकेचा अर्थसंकल्प ही आपल्याकडे एका दिवसाची बातमी असते. इतक्या कोटींचा, इतक्या लाखांच्या शिलकीचा, करवाढ नसलेला आणि एकमताने मंजूर झालेला, असे चार शब्द छापून आले की नागरिक कर्तव्यमुक्त होतो आणि नगरसेवकही. शहराचा विकास आराखडा ही तर वीस वर्षांतून एकदा येणारी पर्वणी. तो प्रसिद्ध होतो तेव्हा ज्यांची जमीन त्यात सापडते ते धावाधाव करतात आणि बाकीचे गाव शांत झोपते. एका कागदावर शहराचा पैसा असतो, दुसऱ्यावर शहराची जमीन. हे दोन कागद एकमेकांशी कधी बोलतच नाहीत. संगमनेरच्या आणि संगमनेरसारख्या महाराष्ट्रातील बहुतेक नगरांच्या दुरवस्थेचे मूळ या अबोल्यात आहे.

पैशाविना आखलेला आराखडा म्हणजे नवसाची यादी, आणि आराखड्याविना मांडलेला अर्थसंकल्प म्हणजे ठेकेदारांची यादी. पहिलीवर कोणी विश्वास ठेवत नाही, दुसरीवर कोणी प्रश्न विचारत नाही. डिसेंबर २०२५ च्या निवडणुकीने संगमनेरला पुन्हा लोकनियुक्त सभागृह मिळाले आहे. म्हणून हा अबोला मोडण्याची मागणी आता उच्चरवाने करणे अगत्याचे आहे.

चार अर्थसंकल्प, एकही सभा नाही

२०१६ च्या अखेरीस निवडून आलेल्या नगरपरिषदेची मुदत डिसेंबर २०२१ मध्ये संपली. राज्यघटनेच्या २४३-यू या अनुच्छेदाप्रमाणे मुदत संपण्यापूर्वी नवी निवडणूक व्हावयास हवी होती. ओबीसी आरक्षणाचा न्यायालयीन वाद पुढे आला, प्रभागरचनेचे खेळ झाले, राज्यात सरकारे बदलली आणि निवडणूक मात्र पुढे पुढे जात राहिली. अखेर ६ मे २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाला राज्यातील स्थानिक निवडणुका घ्या असे बजावावे लागले. पुढे मुदतही वाढवून द्यावी लागली. या चार वर्षांत संगमनेरचे चार अर्थसंकल्प प्रशासकाच्या सहीने मंजूर झाले. मांडणारे प्रशासन आणि मंजूर करणारेही प्रशासनच. वादी तोच, न्यायाधीशही तोच!

प्रशासक व्यक्ती म्हणून वाईट असतो असे आमचे म्हणणे नाही. कित्येक अधिकारी नगरसेवकांपेक्षा अधिक नेकीने काम करतात. परंतु बदली होऊन जाणाऱ्या माणसाला वीस वर्षांनंतरच्या गावाची काळजी का असावी? त्याच्या खुर्चीला भविष्यकाळ नसतो. ७४ व्या घटनादुरुस्तीने १९९३ पासून नगरांना जे अधिकार देऊ केले, त्यांच्या यादीत, म्हणजे बाराव्या परिशिष्टात, अठरा विषयांपैकी पहिलाच विषय नगररचनेचा आहे. त्या पहिल्याच विषयावर चार वर्षे गावाला तोंड उघडता आले नाही आणि याची खंत कोणत्याही पक्षाच्या व्यासपीठावरून फारशी ऐकू आली नाही. विकेंद्रीकरणाची भाषणे करणाऱ्यांच्या तोंडी तेव्हा कोणते कुलूप लागले होते?

कागदावरचे मैदान

विकास आराखडा महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम, १९६६ या कायद्यान्वये तयार होतो. त्यात रस्ते, शाळा, बागा, क्रीडांगणे, दवाखाने, भाजीमंडई यांसाठी जागा राखून ठेवल्या जातात. आरक्षण पडले की जमीनमालकाचे हात बांधले जातात; त्याला बांधकाम करता येत नाही आणि जमिनीला योग्य गिऱ्हाईकही मिळत नाही. इतका मोठा त्याग एका नागरिकाकडून घेतल्यावर नगरपालिकेने ती जागा वेळेत ताब्यात घ्यावी, अशी साधी अपेक्षा आहे. म्हणूनच कायद्याचे १२७ वे कलम सांगते की, आराखडा अमलात आल्यापासून दहा वर्षांत जागा संपादन झाली नाही, तर मालक खरेदीची नोटीस देऊ शकतो आणि त्यानंतर २४ महिन्यांत पावले उचलली नाहीत तर आरक्षण रद्द झाल्याचे मानले जाते.

म्हणजे नगरपालिकेला तब्बल बारा वर्षे मिळतात. बारा वर्षांचे तप म्हणतात ते हेच! तप पुरे होते, पण वर काही मिळत नाही. कारण या बारांपैकी एकाही अर्थसंकल्पात त्या जागेसाठी पुरेशी रक्कम ठेवलेली नसते. मुदत उलटते, नोटीस येते, मग धावपळ, ठराव, पत्रव्यवहार आणि शेवटी ‘निधीअभावी’ हा पवित्र शब्द उच्चारून मैदान सुटते. त्यावर इमारती उभ्या राहतात. मुले रस्त्यावर खेळतात. दोष कोणाचा? ज्याने दहा वर्षे वाट पाहिली त्या मालकाचा नव्हे. फेब्रुवारी २०२५ मध्ये ‘निर्मिती डेव्हलपर्स’ खटल्याच्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले की, तेहतीस वर्षे जमीन आरक्षणाच्या नावाखाली अडकवून ठेवणे चालणार नाही. न्यायालयाने मालकाला न्याय दिला आणि तो योग्यच दिला. परंतु गावाच्या हक्काच्या मैदानाला न्याय कोणी द्यावयाचा?

दुसरी वाट अधिक चोरटी आहे. याच कायद्याच्या ३७ व्या कलमाखाली आराखड्यात ‘किरकोळ फेरबदल’ करता येतो. कायद्याचा हेतू चुका दुरुस्त करण्याचा. व्यवहारात मात्र या कलमाचा उपयोग अनेक नगरांत बागेचे रहिवासी क्षेत्र आणि शाळेचे व्यापारी क्षेत्र करण्यासाठी झाला. त्याची सूचना वर्तमानपत्राच्या कोपऱ्यात अशा अक्षरांत छापली जाते की वाचणाऱ्याने भिंग घेऊन बसावे. हरकती घेण्यास एक महिना. महिना उलटला की गावाची संमती गृहीत!

गावाच्या पोटातील जमीन

प्रवरा आणि म्हाळुंगी यांच्या कुशीत वसलेले जुने संगमनेर आजही गावाचे हृदय आहे. मेनरोड, तेलीखुंट, नेहरू चौक, रंगारगल्ली, चंद्रशेखर चौक या भागात बाजार आहे, देवळे आहेत, वाडे आहेत. पुणे-नाशिक महामार्ग बाह्यवळणाने गावाबाहेर गेला, तरी तालुक्याचा माणूस खरेदीला, कचेरीला, दवाखान्याला याच भागात येतो. येथील चौरस फुटाचा भाव वाढतो आहे आणि भाव वाढला की सार्वजनिक जमिनीवर डोळे खिळतात.

नगरपालिकांच्या डोक्यात गेली तीस-चाळीस वर्षे एकच कल्पना घर करून बसली आहे : मोकळी जागा दिसली की व्यापारी संकुल बांधा. जुनी मंडई पाडा, संकुल बांधा. शाळा ओस पडली, संकुल बांधा. गाळ्यांचा लिलाव होतो, अनामत रक्कम येते, त्या वर्षीचा अर्थसंकल्प शिलकी दिसतो आणि सत्ताधारी पाठ थोपटून घेतात. पुढे काय होते ते महाराष्ट्रातील कोणत्याही तालुक्याच्या गावी जाऊन पाहावे. भाडे वर्षानुवर्षे तेच राहते, मूळ गाळेधारक दुसऱ्याला पोटभाड्याने देतो, फरक त्याच्या खिशात जातो, वरचा मजला रिकामा राहतो, जिन्याखाली कचरा साठतो आणि भाजीवाली पुन्हा रस्त्यावरच बसते. जिच्यासाठी मंडईचे आरक्षण होते तिला गाळा परवडत नाही. गावाची पिढ्यान्‌पिढ्यांची मिळकत एका वर्षाच्या शिलकीसाठी मोडणे याला व्यवहारात घरातले सोने विकून दिवाळी साजरी करणे म्हणतात.

कायदा याबाबत मुका नाही. १९६५ च्या नगरपरिषद अधिनियमाच्या ९२ व्या कलमाने स्थावर मिळकतीच्या विक्रीवर आणि भाडेपट्ट्यावर बंधने घातली आहेत. नगरपरिषद या जमिनीची मालक असली तरी विश्वस्ताच्या नात्याने, हा त्यामागचा विचार. बंगळूरमध्ये उद्यानासाठी राखलेली जागा खासगी रुग्णालयाला देण्याचा घाट घातला गेला, तेव्हा १९९१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो व्यवहार अवैध ठरविला. रुग्णालय हे चांगलेच काम. तरीही मोकळ्या जागेचा बळी त्यासाठी देता येणार नाही, असा त्या निकालाचा आशय होता. मग गाळ्यांसाठी तो कसा देता येईल?

जुन्या गावाचा जीर्णोद्धार कसा करावा याचा धडा आपल्याच देशात शंभर वर्षांपूर्वी गिरविला गेला होता. स्कॉटलंडचे नगररचनाकार पॅट्रिक गेडिस यांनी १९१८ मध्ये होळकरांच्या इंदूरसाठी दोन खंडांचा अहवाल लिहिला. रुंद रस्त्यांसाठी जुन्या पेठा सरसकट पाडण्यास त्यांचा विरोध होता. पडकी घरे तेवढी काढावी, त्या जागी लहान चौक मोकळे करावे, झाडे लावावी, विहिरी-तळी राखावी आणि राहत्या माणसाला हुसकावू नये, अशी त्यांची हलक्या हाताची शस्त्रक्रिया होती. परक्या देशातून आलेल्या माणसाला आपल्या पेठेचे, पाराचे, घाटाचे मोल कळले. आपल्या अभियंत्यांना मात्र सिमेंटचा रस्ता आणि पेव्हर ब्लॉक यांपलीकडे विकास दिसत नाही!

हद्दीबाहेरचे संगमनेर

२००१ च्या जनगणनेत संगमनेर नगरपालिका हद्दीची लोकसंख्या ६२ हजारांच्या आसपास होती. २०११ मध्ये ती ६६ हजारांच्या आसपास भरली. दहा वर्षांत सहा-सात टक्के वाढ. याच दशकात महाराष्ट्राची नागरी लोकसंख्या २३ टक्क्यांहून अधिक वाढली. सहकारी साखर कारखाना, दूध संघ, महाविद्यालये, मोठी बाजारपेठ असलेले गाव वाढेनासे झाले, असे कोणी म्हणेल काय? गाव वाढले, पण वेशीबाहेर. लगतचे घुलेवाडी २०११ च्या जनगणनेत ‘जनगणना शहर’ म्हणून नोंदले गेले. म्हणजे लोकवस्ती पाच हजारांवर, मुख्य काम करणाऱ्या पुरुषांपैकी तीन चतुर्थांश बिगरशेती उद्योगात, वस्ती दाट, आणि कारभार मात्र ग्रामपंचायतीचा. शहर आहे, पण शहराचा आराखडा नाही, शहराचे गटार नाही आणि शहराचे अंदाजपत्रकही नाही.

हद्दवाढीचा विषय निघाला की दोन्हीकडून ओरड होते. ग्रामपंचायतीला सत्ता जाण्याची भीती, नागरिकाला घरपट्टी वाढण्याची भीती, नगरपालिकेला जबाबदारी वाढण्याची भीती. या त्रिविध भीतीत शेते तुकड्या-तुकड्यांनी विकली जातात, वीस फुटी रस्ते पडतात आणि एक दिवस अग्निशामक बंब वळेना म्हणून घर जळते.

याला उपाय आहे आणि तो मूळचा आपल्याच प्रांताचा आहे. १९१५ च्या मुंबई नगररचना कायद्याने ‘नगररचना योजना’ हे साधन दिले. अनेक शेतकऱ्यांच्या जमिनी एकत्र करावयाच्या, त्यातून रस्ते, बागा, शाळा यांसाठी हिस्सा काढावयाचा आणि उरलेली जमीन नीट आखलेल्या भूखंडांच्या रूपाने मूळ मालकांना परत द्यावयाची. कोणी भूमिहीन होत नाही, मालकाच्या जमिनीचा भाव वाढतो आणि गावाला सोयीसाठी जागा जवळजवळ विनामूल्य मिळते. हाच वारसा शेजारच्या गुजरातने १९७६ च्या कायद्याने चालू ठेवला आणि अहमदाबादचे विस्तारीत भाग त्याच पद्धतीने वसविले. महाराष्ट्राने हे साधन १९६६ च्या कायद्यात ठेवले खरे, पण भिंतीवर टांगलेल्या तलवारीसारखे. पुणे महानगर क्षेत्रात अलीकडे ते पुन्हा हाती घेतले गेले. संगमनेरच्या वेशीवर का घेऊ नये?

येथे भीड न ठेवता एक गोष्ट नोंदविली पाहिजे. १९८५ ते २०२४ अशी जवळजवळ चाळीस वर्षे संगमनेरचे आमदार असलेले बाळासाहेब थोरात राज्याचे महसूलमंत्री दोनदा झाले. सात-बाराचे खातेच गावाच्या दारी आले होते. तरीही वेशीवरचा हा गुंता सुटला नाही. आणि नगरविकास खाते? ते २०१४ पासून भाजपच्या आणि शिवसेनेच्या हाती राहिले आहे. २०२४ मध्ये विधानसभेला संगमनेरने सत्तांतर घडविले. सत्तांतराचा अर्थ केवळ फलकावरचे चेहरे बदलणे एवढाच असेल, तर मतदाराने कष्ट कशाला घ्यावे? दोन्ही बाजूंना हा हिशेब चुकविता येणार नाही.

भविष्याचे बोलावयाचे तर पुणे-नाशिक रेल्वेचे उदाहरण डोळ्यांसमोर आहे. सुमारे २३५ किलोमीटरचा तो मार्ग संगमनेरवरून जाणार म्हणून तालुक्यात भूसंपादन सुरू झाले. पुढे नारायणगावजवळील महाकाय रेडिओ दुर्बिणीला बाधा येते म्हणून तो अडला आणि शिर्डीमार्गे पर्याय पुढे आला. संगमनेरकरांचा रोष रास्त आहे व रेल्वेची मागणी लावून धरली पाहिजे. पण जे शहर येणाऱ्या रेल्वेच्या भरवशावर जमिनीचे भाव ठरविते आणि हाती असलेल्या रस्त्यांची आखणी करीत नाही, ते रेल्वे आली तरी गोंधळात पडेल आणि न आली तरी.

नदीचे काय? भंडारदरा आणि निळवंडे धरणांतून विसर्ग वाढला की प्रवरा काठ ओलांडू पाहते. पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची निळी रेषा आणि शंभर वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची लाल रेषा, या दोन रेषा नदीकाठच्या बांधकामाचे नियम ठरवितात. नकाशावरची ही रेषा जमिनीवर दगड रोवून दाखविण्याचा खर्च एखाद्या स्वागत कमानीपेक्षा अधिक नाही. पण कमानीवर नाव कोरता येते, पूररेषेच्या दगडावर कोणाचे नाव कोरणार?

‘पैसाच नाही’ हे उत्तर

आमच्या प्रतिपादनावर ठरलेले उत्तर येईल : नगरपालिकेकडे पैसा कोठे आहे? या उत्तरात सत्याचा अंश आहे आणि तो मान्य केला पाहिजे. १९९९ मध्ये नगरपालिकांची जकात गेली आणि त्या शासनाच्या सहायक अनुदानावर अवलंबून राहू लागल्या. पंधराव्या वित्त आयोगाने २०२१ ते २०२६ या काळासाठी लहान शहरांना दिलेल्या अनुदानापैकी ६० टक्के रक्कम पाणी आणि स्वच्छता यांनाच बांधलेली होती. पगार, निवृत्तिवेतन, वीजबिल भागविल्यावर हाती थोडेच उरते, हेही खरे.

परंतु म्हणूनच उरलेल्या थोड्याचा विनियोग आराखड्याप्रमाणे व्हावयास नको काय? श्रीमंताला उधळपट्टी परवडते. गरिबाला यादी करूनच बाजारात जावे लागते. शिवाय प्रत्येक जागा रोख पैशानेच घ्यावी लागते असेही नाही. मालकाला हस्तांतरणीय विकास हक्क देता येतात. लहान गावात त्यांना गिऱ्हाईक मिळणे कठीण, हे खरे. पण समावेशक आरक्षणाची वाट तेथेही खुली आहे. मालकाने जागेच्या काही भागावर सार्वजनिक सोय बांधून द्यावी आणि उर्वरित भाग आपल्यासाठी विकसित करावा, ही सोय २०२० च्या एकत्रित विकास नियंत्रण नियमावलीत आहे. त्यासाठी लागतो तो पैसा नव्हे, तर पाठपुरावा.

आणि विलंबाची किंमत काय असते हे संगमनेरकरांना कोणी शिकवावे? निळवंडे प्रकल्पाची कल्पना १९७० ची, तेव्हाचा अंदाज आठ कोटींच्या आसपासचा. डाव्या कालव्याचे लोकार्पण पंतप्रधानांच्या हस्ते २६ ऑक्टोबर २०२३ रोजी झाले, तेव्हा प्रकल्पाचा खर्च सुमारे ५१७७ कोटी रुपये झालेला होता. त्रेपन्न वर्षांत दोन पिढ्या दुष्काळ सोसून गेल्या. जे पाण्याचे झाले तेच जमिनीचे होते. आज लाखात मिळणारी जागा दहा वर्षांनी कोटीत मिळत नाही.

जिल्ह्याच्या नावाला जागा

आपल्या जिल्ह्याला २०२४ मध्ये पुण्यश्लोक अहिल्यादेवींचे नाव मिळाले. चौंडीच्या या कन्येने देशभर घाट, विहिरी, धर्मशाळा, मंदिरे उभारली, हे शाळकरी पोरही सांगेल. पण त्याहून महत्त्वाची गोष्ट अशी की, त्या धर्मकार्याचा खर्च दौलतीच्या खजिन्यातून नव्हे, तर खासगीच्या उत्पन्नातून केला गेला. दौलत वेगळी, खासगी वेगळी, हिशेब वेगळा. आजच्या कारभाऱ्यांनी नेमके उलटे केले आहे : गावाच्या दौलतीतून खासगीची भर! जिल्ह्याचे नाव बदलले. आता जिल्ह्याच्या नगरांनी हिशेबाची रीतही बदलावी, तरच त्या नावाचा मान राहील.

मार्ग दाखविण्यास दूर जावयास नको. याच जिल्ह्यातील हिवरे बाजार दर वर्षी पाण्याचा ताळेबंद मांडते. पाऊस किती पडला, पिण्यास किती लागेल, उरलेल्यात कोणते पीक घ्यावे, हे ग्रामसभा उघड्यावर ठरविते. याच जिल्ह्यातील राळेगणसिद्धीहून माहितीच्या अधिकाराची चळवळ उभी राहिली. खेड्यातील निरक्षर म्हातारीला पाण्याचा हिशेब कळतो, तर पदवीधरांच्या संगमनेरला जमिनीचा हिशेब कळणार नाही काय?

नव्या सभागृहाकडे मागावयाचे ते थोडके आहे. नगरपरिषदेच्या मालकीच्या प्रत्येक मिळकतीची नोंदवही, कोणती जागा, किती क्षेत्र, कोणाच्या ताब्यात, किती भाड्याने आणि कधीपर्यंत, मराठीत छापून प्रत्येक प्रभागात लावावी. माहिती अधिकार कायद्याचे चौथे कलम याहून निराळे काही सांगत नाही. विकास आराखड्यातील प्रत्येक आरक्षण, त्याची मुदत आणि त्यासाठी या वर्षी ठेवलेली रक्कम यांचा स्वतंत्र तक्ता अर्थसंकल्पाला जोडावा आणि तो तक्ता नसेल तर नगरसेवकांनी अर्थसंकल्पाला हात वर करू नयेत. गावठाणातील सार्वजनिक जमिनीवर नवे व्यापारी संकुल उभारण्यापूर्वी जुन्या गाळ्यांच्या भाड्याचा हिशेब मांडावा. हद्दीलगतच्या वाड्या-वस्त्यांसाठी ग्रामपंचायतींना विश्वासात घेऊन नगररचना योजना आखावी. आणि कलम ३७ चा प्रत्येक फेरबदल त्या जागेवरच मोठ्या फलकावर लावावा, म्हणजे भिंगाची गरज उरणार नाही.

यातील एकाही गोष्टीला केंद्राचा निधी लागत नाही, आणि बहुतेक गोष्टींसाठी मंत्रालयाची पायरीही चढावी लागत नाही. इच्छा तेवढी लागते, आणि ती नसेल तर निर्माण करण्याचे काम नागरिकांचे आहे. निवडणुकीच्या दिवशी रांगेत उभे राहून कर्तव्य संपत नाही. ते अर्थसंकल्पाच्या सभेच्या दिवशी प्रेक्षागृहात बसून पुरे होते. अनंत फंदींसारखा रोखठोक बोलणारा शाहीर ज्या गावात जन्मला, त्या गावाला स्पष्ट बोलण्याचे वावडे असण्याचे कारण नाही. संगमनेरकरांनी यापुढे अर्थसंकल्प किती कोटींचा हे विचारू नये. त्यातून कोणती जमीन राखली, एवढेच विचारावे.